पस्तिसाव्या पायरीवर वाचलेला अर्ज

नमस्कार श्रोतेहो.

ज्या घरातलं एखादं पोरगं फौजेत आहे, त्या घराला हे सांगायला नको की भरती झाल्यावर हातात बंदूक यायच्या आधी दंडात सुई जाते. रांग लागते, बाही वर होते, सुई टोचली की पुढचा. कसली लस, कशासाठी, असं विचारायची पद्धत नाही. अमेरिकन फौजेतही हीच रीत आहे. धनुर्वात, कावीळ, गोवर, आणि नेमणूक दूरदेशी असेल तर आणखी दोनचार. असं असताना २०२१ साली तिथल्या हजारो सैनिकांनी धर्माचं कारण देऊन करोनाची लस नाकारली, आणि काहींनी तर थेट राष्ट्राध्यक्षांनाच कोर्टात खेचलं. ते प्रकरण आज सांगतो.

फौजेत लसीची सक्ती करोनानं आणली, असा समज असेल तर तो काढून टाका. फेब्रुवारी १७७७ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन यांनी आपल्या सैन्याला देवीविरुद्ध टोचून घेण्याचा हुकूम दिला होता. जेन्नरची लस यायला अजून एकोणीस वर्षं होती. तेव्हा देवीच्या फोडातला पू निरोगी माणसाच्या कातडीला चीर देऊन आत घालत. त्यात माणसं दगावायचीही. तरी वॉशिंग्टन यांचा हिशेब सरळ होता : शत्रूच्या तलवारीपेक्षा या रोगाची धास्ती जास्त.

आता २०२१. ऑगस्टच्या २४ तारखेला संरक्षणमंत्री लॉइड ऑस्टिन यांनी सगळ्या सैनिकांना करोनाची लस सक्तीची केली. हुकूम अवाजवी होता असं मला वाटत नाही. वर्षभरापूर्वीच 'थिओडोर रूझवेल्ट' या विमानवाहू जहाजावर हजाराच्या वर खलाशांना करोनाची लागण झाली होती, एक गेला, आणि ती अजस्र नौका ग्वाम बेटाच्या बंदरात अडकून पडली होती. एका खोलीत डझनावारी बिछाने एकावर एक, जेवणाची रांग एकच. तिथे अंतर राखा असं सांगून काय होणार?

बहुतेकांनी लस घेतली. ज्यांना घ्यायची नव्हती, त्यांच्यासाठी नियमांत दोन वाटा होत्या. पहिली वैद्यकीय, दुसरी धार्मिक. धार्मिक अर्ज करणाऱ्याला आधी पलटणीच्या पाद्र्यासमोर बसावं लागे. श्रद्धा मनापासूनची आहे की सुई चुकवायचा बहाणा आहे, याचं मत तो पाद्री लिहून देई.

बऱ्याच अर्जांतला आक्षेप एकाच गोष्टीवर होता. काही दशकांपूर्वी गर्भपात झालेल्या भ्रूणाच्या ऊतीपासून प्रयोगशाळेत काही पेशी वाढवल्या गेल्या, आणि त्यांचे वंशज आजही संशोधनात वापरले जातात. जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीची लस अशा पेशींत तयार होत होती, तर फायझर आणि मॉडर्नाच्या लसींची चाचणी तशा पेशींवर झाली होती. गर्भपात हे पाप मानणाऱ्या ख्रिस्ती माणसाला याची बोच लागली, तर ती मला खोटी वाटत नाही. पण वरिष्ठही उलट विचारत, की बाबा रे, जर्मन गोवराची लस अशाच पेशींत बनते, ती तू भरतीच्या वेळी निमूट घेतलीस, तेव्हा तुझा धर्म कुठे होता? प्रश्न बिनतोड होता. मात्र कित्येकांना ही गोष्ट तेव्हा माहीतच नव्हती, हेही तितकंच खरं.

गंमत अशी, की व्हॅटिकननं डिसेंबर २०२० मध्ये काढलेलं एकच टिपण दोन्ही बाजू फडकावत होत्या. दुसरा पर्याय नसेल तर अशी लस घेणं नीतीला धरून आहे, असं त्यात होतं. आणि लस स्वेच्छेनं घेतलेली असावी, असंही त्याच टिपणात होतं.

खरं नाट्य पुढे आहे. नौदलाच्या 'सील' कमांडोंसह पस्तीस जण टेक्सासमधल्या केंद्रीय कोर्टात गेले. ३ जानेवारी २०२२ रोजी न्यायाधीश रीड ओकॉनर यांनी त्यांच्या बाजूनं मनाई हुकूम दिला. त्या निकालात नौदलाच्या कार्यपद्धतीचं जे वर्णन आहे, ते सरकारी कचेरीत खेटे घातलेल्या कोणाही माणसानं वाचावं.

धार्मिक अर्ज निकाली काढायच्या पन्नास पायऱ्या होत्या. सुरुवातीच्या पायऱ्यांतच कारकुनानं छापील नकारपत्र उघडायचं आणि त्यात अर्जदाराचं नाव आणि हुद्दा भरायचा. मग इतरांच्या अर्जांबरोबर गठ्ठा बांधायचा. मग 'अर्ज नामंजूर करावा' अशी वरिष्ठांसाठीची टिपणी लिहायची. एवढं सगळं उरकल्यावर, पस्तिसाव्या पायरीवर, त्या कारकुनाला पहिल्यांदा सूचना येते : आता अर्ज वाचा. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. न्यायाधीशांनी या सगळ्याला नाटक म्हटलं.

कायद्याची मेख अशी आहे. अमेरिकेत १९९३ चा धर्मस्वातंत्र्याचा कायदा आहे आणि तो फौजेलाही लागू होतो. सरकारला एखाद्याच्या श्रद्धेच्या आड यायचं असेल, तर अत्यंत निकडीचं कारण दाखवावं लागतं, आणि त्यापेक्षा सौम्य मार्ग नव्हता हेही. त्या एका माणसापुरतं दाखवावं लागतं, सरसकट नाही. इथे सरकारची गाडी रुतली. हवाई दलाचंच पाहा. धार्मिक अर्ज दहा हजारांच्या वर, मंजूर झाले सुमारे १३५, आणि तेही जे नोकरी सोडून निघालेच होते अशांचे. त्याच वेळी वैद्यकीय आणि प्रशासकीय कारणांवरून हजारोंना सूट मिळालेली. गरोदर बाईला सूट द्यावी, याबद्दल वाद नाही. पण विषाणू काही सुटीचं कारण विचारून शिरत नाही. एकाला सूट देऊनही फौज चालते, तर दुसऱ्याला दिल्यानं ती कशी कोसळेल, या प्रश्नाला सरकारकडे धड उत्तर नव्हतं. त्यात डिसेंबर २०२१ मध्ये 'मिलवॉकी' जहाजावर साथ पसरली, आणि त्यावरचा एकूणएक खलाशी लस घेतलेला.

शीख तरुणांच्या दाढीबद्दलही अमेरिकन मरीन दलाचा युक्तिवाद याच खड्ड्यात पडला. दाढी केल्यानं ज्यांच्या कातडीला फोड येतात त्यांना दाढीची मुभा, मग धर्मासाठी का नाही, असं म्हणत अपील कोर्टानं डिसेंबर २०२२ मध्ये शीख उमेदवारांच्या बाजूनं कौल दिला.

कोर्टांनी सैनिकांना सगळंच दिलं, असं मात्र नाही. मार्च २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं टेक्सासच्या हुकुमाचा एक भाग थांबवला. लस न घेतलेल्या कमांडोला कुठे पाठवायचं, कुठे नाही, हे नौदलानं ठरवावं; सेनापती राष्ट्राध्यक्ष आहेत, न्यायाधीश नव्हेत, असं न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी लिहिलं. मला हे पटतं. पाणबुडीत कोण उतरणार हे कोर्टानं ठरवू नये. पण अर्ज न वाचता फेटाळायची मुभा त्यातून मिळत नाही.

आपल्याकडे धर्माच्या नावानं असा मोठा खटला झाला नाही. मात्र २०२१ मध्ये जामनगरच्या हवाई दलातल्या एका कॉर्पोरलनं गुजरात उच्च न्यायालय गाठलं होतं. आपण आयुर्वेदिक औषधं घेतो, लस घ्यायला अंतर्मन तयार नाही, असं त्याचं म्हणणं. देशभरात हवाई दलातल्या नऊ जणांनी लस नाकारली आणि एकाला बडतर्फ केलं, असं सरकारनं त्या वेळी कोर्टात सांगितलं. नऊ! आणि आपल्या राज्यघटनेच्या ३३ व्या कलमानं सैनिकांचे मूलभूत हक्क आवळायची ताकद संसदेला दिलेली आहे. त्यामुळे अमेरिकन सैनिकाच्या हातात असलेलं हत्यार आपल्या जवानाकडे नाही. ते असावं का, यावर आपल्याकडे फारसं कोणी बोलत नाही.

शेवटी अमेरिकेत हा तिढा कोर्टानं सोडवला नाही, संसदेनं सोडवला. डिसेंबर २०२२ च्या संरक्षण कायद्यात सक्ती मागे घ्या असं कलम घातलं गेलं आणि १० जानेवारी २०२३ रोजी ऑस्टिन यांनी ती मागे घेतली. तोवर ९६ टक्के फौजेनं लस घेतली होती आणि आठ हजारांवर माणसं लस नाकारल्यामुळे घरी गेली होती. जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी त्यांना थकलेल्या पगारासह परत घ्यायचा हुकूम काढला. पण मनाविरुद्ध, धर्माविरुद्ध वाटत असूनही ज्यांनी नोकरीसाठी, पोराबाळांच्या फीसाठी बाही वर केली, त्यांच्यासाठी त्या हुकुमात काही नव्हतं, कारण त्यांचा अर्ज कुठल्याच पायरीवर नव्हता.

नमस्कार.