शिडी नसलेला बंब

माझ्या हातातली ही खेळण्यातली गाडी बघा, विमानतळावरच्या बंबाची प्रतिकृती. सहा चाकं, पिवळसर हिरवा रंग, टपावर पुढच्या अंगाला फिरणारी नळी. लहान मुलं ही हातात घेतली की आधी विचारतात, ‘याची शिडी कुठंय?’ बंब म्हटला की शिडी आलीच, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. मॅचबॉक्स या खेळण्यांच्या कंपनीनं 1950 च्या दशकात काढलेल्या डेनिस बंबाच्या पाठीवरही शिडीच होती.

विमानतळावरच्या बंबाला बहुतेक वेळा ती लागत नाही. विमानातली माणसं घसरगुंडीवरून स्वतःच खाली येतात. त्यांच्या वाटेवर पेटलेलं इंधन येऊ द्यायचं नाही, हे बंबाचं पहिलं काम. म्हणून या गाडीचा जीव टपावरच्या नळीत आहे. तिला टरेट म्हणतात, मॉनिटरही म्हणतात. शहरातला बंब साधारणपणे जागेवर उभा राहून पाणी मारतो. हा धावता धावता मारतो. मोठ्या बंबात 12,000 लिटरच्या आसपास पाणी असतं आणि टरेट मिनिटाला 6,000 लिटर फेकू शकतो. हिशेब करा, दोन मिनिटांत टाकी रिकामी! नुसतं पाणी इंधनाच्या खाली जातं आणि वर आग पेटतीच राहते. म्हणून त्यात फोम मिसळतात. फोमची साय इंधनावर पसरते आणि हवा तोडते.

मला खेळण्यातल्या गाड्या जमवण्याच्या या छंदातलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. खेळणं बनवणाऱ्याला शंभर गोष्टी गाळाव्या लागतात, आणि उरतं त्यावरून यंत्राचा स्वभाव कळतो. पुढची काच बघा, जवळजवळ सगळं तोंडच काचेचं. खऱ्या गाडीत चालकाला समोरच्या धुरात विमान दिसायला हवं, आणि चाकांपुढे पडलेला माणूसही दिसायला हवा. कितीतरी बंबांत चालक मधोमध बसतो, तो त्यासाठीच. सहा चाकं यासाठी, की विमान धावपट्टी सोडून चिखलात रुतलं तर बंबालाही तिथवर जाता यावं.

वेगाचं मात्र खेळण्यात काही दिसत नाही. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचे निकष सांगतात, की 4,500 लिटरपेक्षा जास्त पाणी नेणाऱ्या बंबानं 40 सेकंदांत ताशी 80 किलोमीटरचा वेग गाठावा आणि धावपट्टीच्या कुठल्याही टोकाला मदत तीन मिनिटांच्या आत पोचावी, जमल्यास दोनच मिनिटांत. रंगाबद्दल त्यांचं म्हणणं असं, की शक्यतो लाल किंवा पिवळसर हिरवा असावा. संध्याकाळच्या उजेडात लाल रंग काळपट पडतो, हा पिवळसर हिरवा लांबूनही डोळ्यांत भरतो. संग्रहात लाल बंबांची रांग पाहून मन भरतं हे खरं, पण माझा कौल या रंगाला.

आता मापाचं बोलू. मॅचबॉक्सच्या जॅक ओडेल यांनी मुलीसाठी छोटा रोलर केला, कारण तिच्या शाळेत आगपेटीत मावेल एवढंच खेळणं न्यायची मुभा होती. 1953 साली त्यातून मॅचबॉक्सच्या छोट्या गाड्यांची मालिका सुरू झाली आणि डबीचं माप ठरलं. साडेचार मीटरची मोटार आणि बारा मीटरचा बंब, दोघांनी सात सेंटिमीटरच्या आसपासच मावायचं. म्हणजे मोटार 1:64 आणि बंब जवळजवळ 1:160. फळीवर दोघं भावंडं दिसतात. खऱ्या बंबाशेजारी मोटार उभी केलीत तर तिचा टप त्याच्या चाकाहून फारसा उंच भरायचा नाही. मोठ्या मापात मजा निराळी. कॉर्गी या दुसऱ्या खेळणी कंपनीनं 1970 च्या दशकात काढलेल्या चब पाथफाइंडर या विमानतळावरच्या बंबात पाणी भरता येतं, आणि पंप दाबला की नळीतून खरी चिळकांडी उडते.

जुनं काही घेणार असाल तर एक काळजी घ्या. हे मॉडेल जस्ताच्या मिश्रधातूचं ओतीव काम असतं. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या कित्येक गाड्यांत त्या जस्तात शिसं मिसळलं गेलं. अशी गाडी आतून फुगते, तिला बारीक तडे जातात आणि एक दिवस हातात भुगा येतो. त्यावर इलाज नाही. म्हणून घेण्याआधी गाडी उलटी करा आणि खालच्या पत्र्यावरच्या रिव्हेटभोवती भिंगातून बघा. तडा केसासारखा असतो, रंगाचा ओरखडा वाटून नजर पुढं सरकते.

ही गाडी मी पुढच्या रांगेत देतो, हातोहात मागं जाऊ द्या. टरेट दोन बोटांनी हळूच फिरवा, त्याची खीळ सैल झालीये.