तीन गळे, एक टेप: क्वीनचे दोन टप्पे

(सोलापुरात झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. क्वीन या ब्रिटिश बँडच्या तारखा सांगायला वेळ लागत नाही. 1970 साली लंडनमध्ये सुरुवात, 1971 मध्ये बास गिटारवर जॉन डीकन आला आणि चौघे जमले, 1973 मध्ये पहिला अल्बम. फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला आणि तिथल्या 'द हेक्टिक्स' बँडमध्ये पियानो वाजवायचा, हेही बहुतेकांना ठाऊक असतं. पण तुमच्यातले बरेच जण घरी फोनवर, लॅपटॉपवर गाणी रेकॉर्ड करतात. म्हणून आज दोनच टप्पे घेऊ आणि ते नीट उघडून बघू. माणसं मोजकी असताना मोठ्या जमावाचा आवाज काढायचा कसा, हा प्रश्न या बँडने दोन अगदी वेगळ्या रीतींनी सोडवला.

पहिली रीत 1975 ची, 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'ची. 5 मिनिटं 55 सेकंदांचं हे गाणं ब्रिटनमध्ये 9 आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. मधला ऑपेरासारखा भाग ऐकताना अख्खं वृंदगान उभं आहे असं वाटतं, पण गाणारे तिघेच: मर्क्युरी, गिटारवाला ब्रायन मे आणि रॉजर टेलर. सगळ्यात वरचे सूर ड्रमवाल्या टेलरचे. टेपवर ट्रॅक, म्हणजे वेगवेगळे आवाज धरणारे पट्टे, 24. हिशोब असा मांडा: तीन सुरांची हार्मनी आहे, म्हणजे एकाच वेळी तीन वेगळे सूर; प्रत्येक सूर तिघांनी मिळून गायचा आणि तीनदा गायचा. झाले 9 ट्रॅक आणि 27 गळे. पुढच्या ओळीला जागा हवी, म्हणून हे 9 ट्रॅक मिसळून दोनवर उतरवायचे, मोकळ्या झालेल्या ट्रॅकवर पुन्हा गायचं, पुन्हा उतरवायचं. असे थर 180 च्या घरात गेले असं सांगतात.

यात बिघडतं काय? एकदा उतरवलं की आतला आवाजाचा तोल गोठला. एखादा सूर मोठा राहिला तर मागे जाता येत नाही. दर नकलेला वरच्या पट्टीची चमक थोडी कमी होते. प्रत्येक ट्रॅकची खरखर जमा होत जाते आणि गाणारे थांबले की ती उघडी पडते. शिवाय टेप यंत्राच्या हेडवर, म्हणजे आवाज टिपणाऱ्या-वाचणाऱ्या भागावर, सतत घासत असते. या गाण्याची टेप इतकी झिजली, की उजेडासमोर धरल्यावर आरपार दिसू लागलं आणि घाईने नक्कल करून घ्यावी लागली.

तुमच्या फोनमध्ये टेप झिजत नाही, पण खरखर तिथेही जमा होते. सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या वस्तीत घर असेल तर माग बंद असताना रेकॉर्ड करा. नाहीतर एका ट्रॅकवर जेमतेम ऐकू येणारी खडखड 27 थरांत चांगलीच वर येईल. पंखा बंद. ओळींमधल्या मोकळ्या जागा कापून टाका. हेडफोन वायरचाच घ्या, ब्लूटूथमध्ये आवाज उशिरा पोचतो आणि दुसरा थर मागे पडतो. आणखी एक: शब्दाच्या शेवटचा 'स', 'त', 'ट' एकाच थरात स्पष्ट उच्चारा, बाकी थरांत जवळपास गिळा. नऊ जणांचे नऊ 'स' कधीच एकत्र पडत नाहीत.

दुसरी रीत 1977 ची, 'वी विल रॉक यू'ची, आणि माझ्या मते हीच जास्त हुशारीची. बास नाही, ड्रम नाहीत. दोन वेळा पाय, एक टाळी, आणि गिटार थेट शेवटी. लंडनच्या वेसेक्स स्टुडिओत पडलेल्या जुन्या लाकडी फळ्यांवर पाय आपटून हे पुन्हा पुन्हा रेकॉर्ड केलं. नुसते थर चढवले असते तर चार माणसं जोरात आपटताहेत एवढंच वाटलं असतं. गणपतीच्या मिरवणुकीत मोठं लेझीम पथक आठवा. आवाज सेकंदाला साधारण 350 मीटर जातो, म्हणजे 35 मीटर मागच्या रांगेची लेझीम तुमच्या कानाला सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा पोचते. गर्दी मोठी वाटते ती या उशिरांमुळे. मे भौतिकशास्त्राचा माणूस. त्याने प्रत्येक थराला वेगळा उशीर दिला आणि अंतरं मूळ संख्यांवर बेतली.

मूळ संख्याच का? 20, 40, 60, 80 मिलीसेकंद असे समान टप्पे ठेवले, तर टाळीमागे 50 हर्ट्झचा एक पोकळ, नळीतून आल्यासारखा सूर घुमतो. त्याऐवजी उदाहरणादाखल 23, 41, 67, 97 ठेवून बघा. जितका उशीर जास्त, तितका आवाज कमी आणि वरची पट्टी थोडी कापलेली. लांबचा आवाज बोथटच असतो. थर डावी-उजवीकडे पसरा. दोनच थर ठेवलेत तर प्रतिध्वनी ऐकू येईल. सात-आठ झाले की गर्दी होते.

रंगमंचावर मात्र दोन्ही रीतींचं गणित बदलतं. ऑपेराचा भाग तिघांना प्रत्यक्ष गाता येणं शक्य नव्हतं. कार्यक्रमात तो टेपवर लावत आणि बँड आत जाई. 13 जुलै 1985 ला लंडनच्या वेम्बली स्टेडियममध्ये, लाइव्ह एड या मदतनिधीच्या कार्यक्रमात, मिळालेल्या वीसेक मिनिटांत त्यांनी तो भाग सरळ गाळला. टाळ्यांचं काम 72 हजार लोकांनी केलं, पण तिथे उशीर खरा असतो: 100 मीटरवरच्या माणसापर्यंत ठेका जायला आणि त्याची टाळी परत यायला मिळून अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो. ड्रमवाला त्या टाळ्यांमागे गेला की लय ओढली जाते. आपल्या सोलापूरच्या होम मैदानावर कार्यक्रम असेल, तर ढोलकीवाल्याच्या अगदी जवळ मॉनिटर, म्हणजे कलाकाराकडे तोंड केलेला स्पीकर, ठेवा, त्यात मुख्य गायकाचा आवाज मोठा द्या, आणि टाळ्या कितीही मागे पडल्या तरी त्याने मॉनिटरच धरायचा.