नाकातून गळणारे पाणी मेंदूभोवतीचे आहे का?

डोक्याला जबर मार बसल्यानंतर, सायनसच्या शस्त्रक्रियेनंतर, तर कधी वरकरणी काहीच कारण नसताना एका नाकपुडीतून पाण्यासारखा स्वच्छ द्रव गळू लागतो आणि पुढे वाकल्यावर त्याची धार वाढते. तो सर्दीच्या पाण्यासारखाच दिसत असल्यामुळे कित्येकदा सर्दीचेच उपचार होत राहतात. परंतु तो द्रव मेंदू आणि मज्जारज्जूभोवती असणारा सीएसएफ (सेरेब्रोस्पायनल फ्लुइड) असेल, तर कवटीच्या तळाला आणि मेंदूच्या आवरणाला छिद्र पडलेले असते. द्रव ज्या वाटेने बाहेर येतो, त्याच वाटेने जंतू आत शिरून मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणांचा दाह, होण्याचा धोका राहतो. प्रौढ व्यक्तीच्या शरीरात एका वेळी साधारण १५० मिलिलिटर सीएसएफ असतो आणि रोज सुमारे ५०० मिलिलिटर नव्याने तयार होतो, त्यामुळे गळती दीर्घकाळ चालू राहू शकते.

पूर्वी अशा द्रवातील साखर पट्टीवर तपासली जात असे. या पद्धतीवर विसंबणे योग्य नाही, कारण अश्रूंमध्ये आणि रक्तातही साखर असते, आणि जंतुसंसर्ग झाला असेल तर सीएसएफमधली साखर घटते. रक्ताच्या डागाभोवती उमटणाऱ्या फिकट वलयाचेही तसेच आहे. रक्तात साधे पाणी मिसळले तरी ते उमटते.

खात्रीलायक खूण सापडली ती ट्रान्सफेरिन या लोह वाहून नेणाऱ्या प्रथिनात. रक्तातील ट्रान्सफेरिनला शर्करेच्या साखळ्या जोडलेल्या असतात आणि त्यांच्या टोकांवर सियालिक आम्ल असते. मेंदूतील न्यूरामिनिडेज हे विकर त्यातील काही रेणूंवरून हे आम्ल काढून टाकते, आणि उरलेल्या रूपाला बीटा-२ ट्रान्सफेरिन म्हणतात. ते अश्रूंत किंवा नाकातील स्रावात सहसा आढळत नाही. फिनलंडमधील संशोधकांनी १९७९ मध्ये सीएसएफची गळती ओळखण्यासाठी त्याचा उपयोग दाखवून दिला.

प्रयोगशाळेत नमुना जेलवर ठेवून त्यातून विद्युतप्रवाह सोडतात. सियालिक आम्लाबरोबर ऋणभारही गेलेला असल्यामुळे बीटा-२ रूप धनाग्राकडे सावकाश सरकते आणि नेहमीच्या ट्रान्सफेरिनच्या मागे राहते. मग ट्रान्सफेरिनलाच चिकटणारी प्रतिपिंडे वापरून दोन्ही पट्टे रंगवून पाहिले जातात. एकच पट्टा दिसला, तर द्रवात सीएसएफ आढळला नाही. दोन दिसले, तर सीएसएफ असण्याची शक्यता फार मोठी.

तरीही त्याच रुग्णाचे रक्त शेजारी तपासल्याखेरीज निष्कर्ष काढू नये, असे आग्रहाने सांगावेसे वाटते. यकृताचा गंभीर आजार, दीर्घकाळचे अतिमद्यपान किंवा ट्रान्सफेरिनचा एखादा आनुवंशिक प्रकार असेल, तर रक्तातही तसाच पट्टा दिसू शकतो आणि एका निरोगी आवरणावर गळतीचा शिक्का बसू शकतो. आतल्या कानातील पेरिलिम्फ आणि डोळ्याच्या आतील द्रव यांतही हे प्रथिन असते, म्हणून कानाला किंवा डोळ्याला इजा झालेली असल्यास ती माहिती प्रयोगशाळेला कळवावी लागते.

बीटा-ट्रेस प्रथिनाची चाचणी हा दुसरा मार्ग आहे. मेंदूच्या आवरणांत तयार होणारे हे प्रथिन सीएसएफमध्ये रक्तापेक्षा कितीतरी पटींनी अधिक असते आणि नेफेलोमेट्रीने, म्हणजे द्रवातून विखुरणारा प्रकाश मोजण्याच्या पद्धतीने, त्याचे मोजमाप लवकर होते. मात्र मूत्रपिंडे निकामी झाली असतील, तर ते रक्तात वाढते, आणि जंतूंमुळे मेनिंजायटिस झाला असेल, तर सीएसएफमध्ये घटते. अशा दोन्ही वेळी आकडा फसवा ठरतो.

या साऱ्यात नमुना घेण्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. रुग्णाला पुढे वाकवून, कोणतेही रसायन न घातलेल्या निर्जंतुक बाटलीत थेंब थेट जमा करणे उत्तम. कापसात शोषलेला द्रव पुरेसा परत मिळेलच असे नाही. गळती थांबून-थांबून होत असेल आणि नमुना नेमका कोरड्या वेळी घेतला गेला, तर अहवाल नकारार्थी येतो. तेवढ्यावरून गळती नाही असे न मानता, पाणी पुन्हा वाहू लागताच नवा नमुना पाठवावा. अहवाल होकारार्थी आला, तरी छिद्र कुठे आहे हे तो सांगत नाही. ते शोधण्यासाठी कवटीच्या तळाचा बारीक छेदांचा सीटी स्कॅन करावा लागतो.