ब्राँझचे पैसे

न्यूयॉर्क, १९३९. जागतिक प्रदर्शनात १६ फूट उंचीचं एक शिल्प उभं आहे, 'द हार्प'. गाणारी १२ कृष्णवर्णीय माणसं म्हणजे या वाद्याच्या तारा, आणि त्यांना पेलणारा हात देवाचा. शिल्पकार, ऑगस्टा सॅव्हेज.

शिल्प प्लास्टरचं आहे. ब्राँझमध्ये ओतायला पैसे मिळाले नाहीत. ठेवायलाही जागा नव्हती. प्रदर्शन संपलं, आणि ते पाडून टाकलं गेलं.

ऑगस्टाचा जन्म १८९२चा, फ्लोरिडातला. गावात विटांसाठीची माती भरपूर. त्या मातीच्या मूर्ती घडवल्या म्हणून धर्मोपदेशक वडील तिला मारत. पुढे न्यूयॉर्कमध्ये ती शिल्पकला शिकली, कपडे धुण्याची कामंही केली.

१९२३ साली फ्रान्समधल्या फाँतेनब्लोच्या उन्हाळी कलाशाळेसाठी तिनं अर्ज केला. निवड करणाऱ्या अमेरिकी समितीनं तो फेटाळला. कारण तिचा रंग. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या गोऱ्या मुलींना तिच्यासोबत राहणं रुचणार नाही, असं सांगण्यात आलं. ऑगस्टानं हा अन्याय वर्तमानपत्रांत मांडला, मोठी खळबळ उडाली. निर्णय मात्र बदलला नाही.

असा नकार निदान सगळ्यांना दिसतो. पैशांची अडचण दिसत नाही, आणि माझ्या मते त्या अडचणीनंच जास्त नुकसान केलं. 'गामँ' या मुलाच्या अर्धपुतळ्यानं १९२९ मध्ये तिला शिष्यवृत्ती मिळवून दिली, पॅरिसला नेलं. पण तिची कितीतरी शिल्पं प्लास्टरमध्ये किंवा मातीतच राहिली. फुटली, हरवली.

परतल्यावर तिनं हार्लेममध्ये, न्यूयॉर्कमधल्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत, मुलांना शिकवायला घेतलं. १९३७ मध्ये ती हार्लेमच्या सामुदायिक कला केंद्राची पहिली संचालक झाली. 'द हार्प'साठी रजा घेतली, परत आली तेव्हा त्या पदावर दुसरं कुणी होतं.

तिच्या विद्यार्थ्यांत एक होता जेकब लॉरेन्स. सरकारी कला योजनेत चित्रकारांना पगार मिळे. ऑगस्टा त्याला तिथे घेऊन गेली, तर वय कमी भरलं. त्याला २१ वर्षं पूर्ण होताच ती त्याला पुन्हा घेऊन गेली, आणि नाव लागलं. १९४१ मध्ये त्यानं दक्षिणेतून उत्तरेकडे निघालेल्या कृष्णवर्णीयांची कहाणी ६० चित्रांत पूर्ण केली. त्यातली निम्मी आज न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहेत, निम्मी वॉशिंग्टनच्या फिलिप्स कलेक्शनमध्ये.