का बे, खेळायला येतो का?

(आवाज : यंत्रमागांची खडखड. अरुंद बोळ, दुपार.)

सोलापूरचा पूर्व भाग. इथली पोरं हळू बोलायला शिकतच नाहीत. मित्राला हाक मारायची तर आवाज मागाच्या वर काढावा लागतो.

आमच्या बोळात हाकाही चार तऱ्हेच्या. तेलुगू विणकर पद्मशाल्यांच्या दारातून ‘रा रा’, लिंगायतांच्या ओट्यावरून ‘बारो’, कोपऱ्यावरच्या मुसलमान घरातून ‘आ रे’. आणि सगळ्यांची मिळून एक, ‘का बे!’ पुण्याचा पाहुणा या ‘बे’नं दचकतो. सोलापुरात तो लाडाचा शब्द आहे.

तेलंगणातून विणकर आले ते मागांच्या मागं. कन्नड तर इथली जुनीच, कर्नाटकाची हद्द हाकेच्या अंतरावर. पोरांना यातलं कुणी काही शिकवलं नाही. गोट्या हरल्यावर कोणत्या भाषेत भांडायचं, एवढंच ठरवावं लागे.

(दृश्य : उंबऱ्याशी बिड्या वळणारे हात.)

मित्राची आई अशीच बसलेली असायची. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू. पान वळायचं, दोरा गुंडाळायचा, तोंड दुमडायचं. मजुरी हजार बिड्यांवर ठरलेली, त्यामुळे हजार भरल्याशिवाय पोरगा खेळायला सुटत नसे. मग आम्ही तिघंही बसायचो तोंडं दुमडायला. नखं पिवळी व्हायची आणि घरी त्यावरून बोलणी बसायची.

तिला आम्ही अक्का म्हणायचो. तेलुगू, कन्नड, मराठी, तिन्हीकडं हा शब्द चालतो. 25 बिड्यांचा एक कट्टा. अक्का तेलुगूत मोजायची, आम्ही तिच्यामागून : ओकटी, रेंडू, मूडू... एखादी कमी भरली की कट्टा सोडून पुन्हा पहिल्यापासून.

जानेवारीत मात्र कशातच लक्ष नसायचं. 12 तारखेला शाळेत चार हुतात्म्यांची नावं घेतली जात. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. इंग्रजांनी 1930 ला सोलापुरात लावलेल्या मार्शल लॉनंतर, 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी गेलेले. आम्हाला ती आमच्याच वर्गाची हजेरी वाटायची.

लगेच संक्रांत, म्हणजे सिद्धेश्वराची गड्डा यात्रा. मोठ्यांचे नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, निघायचे, आमचाही निघायचा : मांडवाचा बांबू, त्याला गुंडाळलेली जुनी चादर आणि ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’चा गजर. एकदा तो बांबू समोरच्या आजीच्या पत्र्यावर आदळला. तिनं कन्नडात ज्या शिव्या दिल्या त्यांचा अर्थ आमच्यातल्या एकालाच कळला. त्यानं तो अजून सांगितलेला नाही.

सगळंच गोड नव्हतं. एका ओट्यावर आमच्यातल्या एकाला पाणी वरून, ओंजळीत मिळायचं. बाकीचे आम्ही पेल्यानं प्यायचो. तो कधी काही बोलला नाही, आम्हीही नाही. ते अजून सलतं.

(दृश्य : तोच उंबरा, आज. सूप भिंतीला टांगलेलं.)

अक्काचा पोरगा आता भिवंडीत असतो. फोन ‘का बे’नंच सुरू होतो. अक्काच्या बोटांना बिडी वळवत नाही. परवा भेटायला गेलो तर हसत म्हणाली, मोज बघू.

ओकटीपासून सुरुवात केली. 25 आले आणि थांबलो. पुढचं मला येत नाही. कट्टा तिथंच संपायचा.