अंगठा आत नको

[रेडिएटरखालचं हँडल. फक्त हात दिसतोय.]

हा अंगठा बघा. हँडलला विळखा घातलेला नाही. बोटांच्या बरोबरीनं, त्याच बाजूला ठेवलाय. ही फोर्डची जुनी मोटार, मॉडेल टी. हिचं इंजिन हे हँडल हातानं फिरवून सुरू करायचं. ती सुरू करायची तर आधी हा अंगठा सांभाळायला शिकावं लागतं.

हँडल मारण्याआधी बरीच तयारी असते. हँडब्रेक पूर्ण मागे. या गाडीत क्लच सोडवून ठेवण्याचं कामही त्याच्याकडेच आहे. तो विसरलात, तर सुरू झालेली गाडी समोर वाकलेल्या माणसाच्याच अंगावर येते. मग स्टिअरिंगखालच्या दोन दांड्या. उजवी पेट्रोलची, ती जराशी खाली. डावी ठिणगीची, ती पार वर, म्हणजे ठिणगी उशिरा पडते. ती खाली राहिली तर पिस्टन वर पोचायच्या आतच पेट्रोल पेटतं, इंजिन उलटं फिरतं आणि हँडल उलटा तडाखा देतं. अंगठा आत असला तर तो गेला. कधी मनगटही जायचं.

म्हणून डावा हात. आणि हँडल खालून वर ओढायचं, वरून खाली दाबायचं नाही.

रेडिएटरशेजारी डोकावणारी ही तारेची कडी म्हणजे चोक. ती ओढून धरायची, पाव फेरा, पुन्हा पाव फेरा. पेट्रोल आत पोचलं. आता स्विच.

[तीन प्रयत्न फुकट. चौथ्याला इंजिन पकडतं. निवेदन नाही.]

आता ही दुसरी. आवाज येत नाही म्हणून स्पीकर तपासू नका, गाडी सुरू आहे. ही डेट्रॉइट इलेक्ट्रिक. हिला हँडल नाही, चोक नाही, गोल स्टिअरिंगसुद्धा नाही. होडीच्या सुकाणूसारखी ही दांडी. एका चार्जमध्ये सुमारे १३० किलोमीटर, अशी जाहिरात असायची. १९१४ सालची अशी एक गाडी क्लारा फोर्ड चालवायच्या. हो, हेन्री फोर्ड यांच्या पत्नी. नवऱ्याच्या कारखान्यातून वर्षाला लाखांनी मॉडेल टी बाहेर पडत होत्या, आणि बाईंची पसंती बॅटरीला!

विजेची गाडी म्हणजे आजचा शोध, असं वाटत असेल तर हा फोटो. २९ एप्रिल १८९९, पॅरिसजवळचं आशेर. तोफगोळ्याला चाकं लावावीत तशी गाडी, आणि कमरेपासून वर सगळा बाहेर बसलेला चालक, कामिय जेनात्झी. वेग ताशी १०५.८८ किलोमीटर. रस्त्यावर शंभरी ओलांडणारी ही पहिली मोटार, आणि तिच्या पोटात बॅटऱ्या होत्या. नाव, 'ला जामे काँतांत'. कधीच समाधान न होणारी.

मग घोडं अडलं कुठे? त्यासाठी दुकानातल्या गल्ल्याकडे यावं लागेल. चार्ल्स केटरिंग हा अमेरिकन इंजिनिअर आधी गल्ल्याची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत होता. दांडा फिरवायचा गल्ला त्यानं विजेवर आणला. तिथं त्याला एक गोष्ट पक्की कळली होती. मोटर दिवसभर नाही, फक्त दोन-चार सेकंद चालवायची असेल, तर एवढीशी मोटरही झेपेल त्याच्या कितीतरी पट जोर लावून जाते. हीच युक्ती इंजिनाला लावली. १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत विजेचा स्टार्टर आला, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर. इंजिन सुरू झालं की तीच मोटर जनित्र होऊन बॅटरी भरायची.

पेट्रोल स्वस्त होत होतं, मॉडेल टीची किंमत उतरत होती, आता हँडलचा जाचही गेला. १९३० च्या दशकापर्यंत विजेच्या गाड्या रस्त्यावरून जवळजवळ दिसेनाशा झाल्या. त्यांना घालवलं ते पेट्रोल गाडीत बसवलेल्या एका बॅटरीनं आणि विजेच्या मोटरनं.

मॉडेल टीला स्टार्टर मिळायला मात्र १९१९ उजाडलं. तेव्हाही कंपनीनं पुढचं हँडल काढलं नाही.

[हात हँडलवरून निघतो. अंगठा शाबूत.]