हॉट टब घेताय? आधी पाणी कोण सांभाळणार ते ठरवा

नमस्कार मंडळी. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात बंगला बांधताना हल्ली कुणी ना कुणी विचारतोच, की मागच्या अंगणात नाहीतर टेरेसवर हॉट टब, म्हणजे गरम पाण्यात चार माणसांनी बसायचा मोठा टब, बसवायचाय, कुठला घेऊ? आणि पुढचा प्रश्न ठरलेला, जेट, म्हणजे अंगावर पाण्याचा जोरदार झोत मारणारी तोंडं, किती पाहिजेत. मी म्हणतो जेटचं राहू दे, टब ठेवणार कुठं ते सांगा.

चार माणसांच्या टबात साधारण १,२०० लिटर पाणी बसतं, म्हणजे १,२०० किलो नुसतं पाणीच झालं, त्यात टबाचं वजन अडीचशे-तीनशे किलो आणि वर चार माणसं, सगळं धरून १,७०० किलोच्या वर जातं, आणि हे सगळं वजन दोन बाय दोन मीटरच्या जागेत. म्हणजे चौरस मीटरला सव्वाचारशे किलो. आपल्या घराच्या खोल्यांचा स्लॅब वापराचं वजन चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास धरून डिझाइन करतात, गच्चीला तर त्याहून कमी. तेव्हा टेरेसवर ठेवायचा असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय ऑर्डर देऊ नका, गवंडी 'काय होत नाही ओ' म्हणाला तरी नाही. सगळ्यात बरं म्हणजे तळमजला, खाली काँक्रीटचा सपाट कोबा, आणि मोटरच्या बाजूला माणूस बसून काम करील एवढी जागा. भिंतीला चिकटवून ठेवला की दुरुस्तीला सगळं पाणी काढून टब सरकवायची पाळी येते.

लाइटबिलाचं म्हणाल तर १,२०० लिटर पाणी २२ डिग्रीवरनं ३८ ला न्यायला साधारण २२ युनिट लागतात, तीन किलोवॅटचा हीटर सात-साडेसात तास चालतो. उघड्या टबातली उष्णता जास्त करून वरनंच जाते, वाफेबरोबर, म्हणून कव्हर जाड आणि कडेला घट्ट बसणारं घ्या, तिथं पैसे वाचवू नका. आपल्याकडं पावसाळ्यात तर कव्हर पाहिजेच, खानापूरकडचा पाऊस माहितीच आहे तुम्हाला. वायरिंग वेगळं, अर्थिंग पक्कं, आणि ३० मिलिअँपची आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की लाइट तोडणारा स्विच, यात तडजोड नाही.

आता पाण्याकडं येतो, कारण टब खराब होतात ते इथंच. बादलीतलं पाणी आपण ओतून टाकतो, टबातलं तेच पाणी तीन-चार महिने राहतं आणि तेही कोमट, म्हणजे जंतूंना पाहिजे तसंच. जंतू मारायला टाकतात ते क्लोरीन कमी पडलं की पाइपांच्या आत बुळबुळीत थर धरतो. पाण्याच्या रेषेवर टबाच्या कडेला बोट फिरवून बघा, चिकट लागलं तर आतसुद्धा तेच आहे समजा. असल्या पाण्यात बसून अंगावर पुरळ येतं, आणि लेजिओनेला नावाचा जंतू वाफेतनं छातीत गेला तर न्यूमोनिया होतो, वयस्कर माणसांना हे फार जड जातं. म्हणून दर वेळी बसायच्या आधी टेस्ट स्ट्रिप बुडवायची, डबीवरच्या रंगाशी लावून बघायची. पीएच (पाणी किती आंबट-खारट ते सांगणारा आकडा) ७.२ ते ७.८, क्लोरीन किमान ३ पीपीएम, म्हणजे लिटरला ३ मिलिग्रॅम. नसेल तर त्या दिवशी बसायचं नाही, पाहुणे आले असले तरी.

बोअरचं पाणी असेल तर हार्डनेस तपासूनच भरा. जड पाण्याचा पांढरा थर हीटरवर बसतो, गिझरच्या कॉइलवर बसतो ना तसाच, आणि मग हीटर जळतो. विहिरीत टाकतात ती ब्लीचिंग पावडर टबात टाकू नका, तिच्यात कॅल्शियम असतं, थर अजून वाढतो. दोन वेगळ्या जातीचं क्लोरीन एकत्र करायचं नाही, ॲसिडजवळ तर न्यायचंच नाही, विषारी गॅस होतो.

आणि एक, आपल्या घरातली सवय. दिवाळीत तेल-उटणं लावून कुणी थेट टबात उतरू नये, तेल फिल्टरमध्ये अडकतं आणि क्लोरीन खाऊन टाकतं. आधी न्हाणीत साबणानं स्वच्छ अंघोळ, केसातलं खोबरेल धुऊन, मग टब. फिल्टर दर आठवड्याला पाण्याच्या पाइपनं धुवा.

पाणी ४० डिग्रीच्या वर नको, पंधरा-वीस मिनिटं पुरे. पाच वर्षांखालच्या पोरांना उतरवू नका, गरोदर बाई, हार्टचा नाहीतर बीपीचा पेशंट असेल त्यांनी डॉक्टरला विचारूनच. दारू पिऊन तर अजिबात नाही, गरम पाण्यात झोप लागून माणसं बुडतात. कव्हरला कुलूप पाहिजेच, घरात लहान मूल नसलं तरी शेजारचं येतंच की.

घेताना दुकानदाराला विचारा, मोटर बिघडली तर कोण येणार? मेकॅनिक पुण्याहून नाहीतर बेंगळुरूहून येणार असला तर त्याचा येण्या-जाण्याचा खर्च आणि किती दिवसांत येतो ते लिहूनच घ्या.

आणि पाणी बदलायची वेळ शक्यतो एप्रिल-मेमध्ये येऊ देऊ नका. राकसकोप आणि हिडकल धरणांचं पाणी नळाला दिवसाआड यायला लागतं तेव्हा १,२०० लिटर म्हणजे एका घराचं दोन-तीन दिवसांचं पाणी आहे. जुनं पाणी काढायच्या आधी क्लोरीन टाकायचं बंद करून कव्हर उघडं ठेवा, स्ट्रिपवर क्लोरीन शून्य दिसलं की मग ते नारळाच्या आळ्यात सोडा, आडाजवळ मात्र सोडू नका.